सात दरवाजे चढून जिजाऊंच्या घरी

महादरवाजात पाय ठेवता, तेव्हा खालून जुन्नरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात. चढू लागा. शिवनेरीला दरवाजे सात, आणि एकेक मागे पडेल तसतसा काळही मागे सरेल.

गणेश दरवाजाशी साल १८१८. पेशवाई बुडाली, गड इंग्रजांनी घेतला. पीर दरवाजाशी १६७० चे दशक. मोगल किल्लेदाराकडे आलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर तुमच्या शेजारून चढतोय. गडावर हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढा शिधा आहे, असे तो लिहून ठेवणार आहे. हत्ती दरवाजाशी १६५७. खाली जुन्नरच्या मोगली पेठेत धावपळ उडाली आहे. शिवाजीराजे पागेतले घोडे आणि खजिना घेऊन गेले.

शिवाई देवीला हात जोडा, फाटक ओलांडा, कुलूप दरवाजातून वर या. आता शके १५५१ चा फाल्गुन, म्हणजे १६३० ची सुरुवात.

समोर अंबरखान्यात धान्य साठवलेले. खडकात खोदलेल्या गंगा-जमुना टाक्यांचे पाणी ओंजळीत घ्या. दात शिवशिवतील इतके गार आहे. पुढे बदामी तलावाजवळ जिजाऊंचा मुक्काम. आज जन्मस्थान म्हणून दाखवतात ती दुमजली दगडी इमारत इथेच आहे. जाड भिंती, कमानी आणि तळमजल्यावर बाळंतिणीची छोटी खोली. मिरवण्यासाठी नव्हे, जीव राखण्यासाठी निवडलेले हे घर. गेल्याच वर्षी निजामशाहाच्या दरबारात जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव मारले गेले. शहाजीराजे धामधुमीत अडकलेले. किल्लेदार विश्वासराव त्यांचे व्याही, म्हणून गरोदर जिजाऊंना इथे आसरा मिळाला.

वद्य तृतीयेला, १९ फेब्रुवारीला, त्या खोलीत शिवबांचा जन्म होतो.

पुढच्या काही वर्षांतच गड मोगलांकडे जातो. महाराजांनी शेकडो गड राखले, पण आपले जन्मघर त्यांच्या हयातीत स्वराज्यात आले नाही. शिवनेरी मराठ्यांच्या हाती आला १७१६ मध्ये, त्यांचे नातू शाहू महाराज यांच्या काळात. म्हणून इथे याल, तेव्हा जन्मखोलीतल्या पाळण्यासमोर फोटो काढून लगेच परतू नका. टाकी पाहा, कोठार पाहा, सातही दरवाजे नीट न्याहाळा. आईने बाळासाठी घर कसे पारखून घेतले, ते त्यांतूनच कळते.