सयामच्या राजवाड्यातील इंग्रजीची शिकवणी आणि तिचे मोल

सयामचे, म्हणजे आजच्या थायलंडचे, राजे मोंगकुट यांनी स्वतः इंग्रजी शिकण्यासाठी दिलेला मोबदला रोख नव्हता. १८४५ मध्ये ते बौद्ध भिक्षू होते आणि बँकॉकच्या वाट बोवोन्निवेत या मठाचे प्रमुख होते. अमेरिकन मिशनरी जेसी कॅसवेल यांच्याकडे ते सुमारे दीड वर्ष शिकले. बदल्यात कॅसवेल यांना मठाच्या आवारात ख्रिस्ती धर्मोपदेशासाठी जागा मिळाली. बौद्ध मठाने इंग्रजीसाठी मोजलेली ही किंमत लहान नव्हती.

१८५१ मध्ये मोंगकुट गादीवर आले. राजवाड्यातल्या स्त्रियांना शिकवायला मिशनऱ्यांच्या बायका येऊ लागल्या, पण धड्यांबरोबर धर्मप्रचारही आत आला आणि काही वर्षांतच ती शिकवणी थांबली. १८५५ च्या बाउरिंग करारानंतर ब्रिटिशांशी व्यापार आणि पत्रव्यवहार वाढला. राजपुत्रांना इंग्रजी येणे ही आता राज्याची गरज झाली होती.

म्हणून राजाने सिंगापुरात पगारी शिक्षिका शोधली. ॲना लिओनोवेन्स या विधवा बाईंनी दरमहा १५० डॉलर मागितले. हे डॉलर म्हणजे त्या बंदरांत चालणारी चांदीची नाणी. राजाने १०० डॉलर ठरवले आणि राजवाड्याजवळ घर देऊ केले. फेब्रुवारी १८६२ च्या पत्रात त्याने बजावले की, शिकवायचे ते इंग्रजी भाषा, शास्त्रे आणि साहित्य. ख्रिस्ती धर्म नव्हे. कॅसवेल यांना जे मोबदला म्हणून मिळाले होते, त्यालाच आता नोकरीच्या अटींत मनाई झाली. रोख पगाराचा खरा अर्थ इथे आहे: पैसे मोजले की शिकवणीच्या अटी राजाच्या हाती येत.

बाईंचा जन्म १८३१ चा, अहमदनगरचा. वडील कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत सार्जंट. लग्न १८४९ मध्ये पुण्यात झाले. पुढे मात्र त्या आपण वेल्समध्ये जन्मलो असे सांगत, आणि हे खोटे १९७० च्या दशकात उघडकीला आले. इंग्लंडहून आलेल्या कुलीन बाईला जो मान आणि जो भाव मिळे, तो नगरच्या छावणीत जन्मलेल्या सार्जंटच्या मुलीला कोणी दिला नसता. या लपवाछपवीमागे हा व्यवहार होता असे मानायला जागा आहे.

राजवाड्यात मुलांच्या शाळेबरोबर राजाची इंग्रजी पत्रे लिहिण्याचे कामही त्यांच्यावर पडले. पगारवाढीचे आश्वासन पाळले गेले नाही, अशी तक्रार त्यांनी स्वतः नोंदवली आहे. घरावरूनही वाद झाले.

१८६७ मध्ये त्या रजेवर गेल्या. पुढच्या वर्षी मोंगकुट वारले. नवे राजे चुलालोंगकोर्न हे बाईंचेच विद्यार्थी, तरी त्यांनी बाईंना पुन्हा नोकरीवर बोलावले नाही. मोंगकुट यांच्या मृत्युपत्रात ॲना आणि त्यांच्या मुलाचा उल्लेख होता. त्यातून त्यांना मिळायचे ते मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही.