दारफळणीचा सण

"जाऊ दे ना माय, सोडून दे" हे वाक्य आपल्या खानदेशात घरोघर ऐकू येते. ते बोलणारीचा हेतू चांगलाच असतो. परंतु हा उपदेश बहुधा कोणाला होतो? जिला बोल लागला तिला. मग ती सून असो, जाऊ असो की शेजारीण असो. ज्याने बोल लावला त्याला उठवून तिच्या दारी कोणी पाठवीत नाही. मग ती ‘सोडले’ म्हणते खरे, पण मनात ते तसेच राहते. या प्रश्नावर मला जे काही उमजले, ते आपल्याच भाषेत बोलणाऱ्या एका लहान समाजाच्या इतिहासातून. तो समाज म्हणजे कोकणातील बेने इस्रायल, म्हणजेच मराठी ज्यू.

त्यांच्यात एक आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया एवढेच काय ते वाचले. धर्मग्रंथ समुद्रात गेले. त्या मंडळींनी गावोगाव वस्ती केली व घाण्यावर तेल गाळण्याचा धंदा धरला. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. दिवे गावचे ते दिवेकर, पेणचे ते पेणकर, किहीमचे ते किहीमकर. आडनावे अशी इथल्या मातीची झाली.

पुढे डेव्हिड राहाबी नावाचा एक विद्वान ज्यू कोकणात आला. हे लोक आपलेच की काय, याची त्याने परीक्षा पाहिली, असे सांगतात. त्याने घरच्या बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली. ज्या मासळीला पर आणि खवले नव्हते ती बायकांनी बाजूला काढली; ती आम्ही खात नाही म्हणाल्या. ज्यू धर्माचा नियम तोच आहे! ग्रंथ बुडाले होते, पण नियम चुलीपाशी जिवंत राहिला होता. ही कथा ऐकून कोणत्या स्त्रीला अभिमान वाटणार नाही?

त्यांच्या सणांची जुनी नावेही चांगली मराठी आहेत. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’. वल्हांडणाच्या वेळी आंबवलेला पदार्थ घरात चालत नाही, म्हणून आंबट अनाशीचे भांडे आठ दिवस झाकून ठेवावयाचे. तो ‘अनाशी ढाकाचा सण’. नव्याच्या सणानंतर दहाव्या दिवशी येतो तो प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पूर. त्याला हे लोक ‘दारफळणीचा सण’ म्हणत, म्हणजे दारे लावून घेण्याचा सण. त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून, कडक उपास करून, दार बंद करून घरात बसावयाचे. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. त्या दिवशी दार उघडावयाचे, दानधर्म करावयाचा व एकमेकांच्या भेटीस जावयाचे. आधी दार लावणे, मग उघडणे, अशी ही सुरेख योजना आहे.

पण या दिवसाचे मर्म याहून खोल आहे. ज्यूंचा मिश्ना नावाचा प्राचीन ग्रंथ सुमारे १८०० वर्षांपूर्वी संकलित झाला. त्यात स्पष्ट सांगितले आहे की, देवाविरुद्ध केलेल्या अपराधाची क्षमा या दिवशी होते; परंतु माणसाविरुद्ध केलेल्या अपराधाची होत नाही, जोवर आपण त्या माणसाचे समाधान करीत नाही. बाराव्या शतकातील थोर धर्मपंडित मैमोनिडीझ यांनी त्याची रीतही घालून दिली. अपराध करणाऱ्याने आधी नुकसान भरून द्यावे, मग स्वतः जाऊन क्षमा मागावी. ती मिळाली नाही तर तिघांना बरोबर घेऊन पुन्हा जावे, असे तीनदा करावे. इतके करूनही समोरचा मन कठोर ठेवील, तर दोष त्याच्याकडे जातो. म्हणजे पहिले पाऊल अपराध्याचे, आणि त्यानंतर मन मोकळे करण्याचे कर्तव्य दुसऱ्याचे. पश्चात्तापाला त्यांच्या भाषेत ‘तेशुवा’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ ‘परत येणे’.

हे आपल्याला अगदीच अनोळखी नाही. जळगाव-धुळ्यास भाद्रपदात आपल्या जैन शेजारणी घरोघर जाऊन ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात, तेव्हा त्याही स्वतः चालून दुसऱ्याच्या दारी जातात.

हे केवळ पोथीत राहिले नाही. १९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाले. त्या सुमारास भारतात या समाजाची सुमारे २० हजार माणसे होती. पुढील काळात त्यांतील बहुतेकांनी घरे, नोकऱ्या, शेजार सोडून तिकडे नवा संसार मांडला. परंतु तेथील धर्मपीठाने १९६२ साली त्यांच्या विवाहाच्या वेळी वंशाची चौकशी करण्याचा दंडक काढला. ज्यांनी एवढे सोडले होते, त्यांना ‘हेही सोडून द्या’ म्हणणारे भेटले असतील. त्यांनी ते सोडले नाही. त्यांनी निदर्शने केली, जेरुसलेमात ठाण मांडले, आणि १९६४ साली तेथील संसदेने ते सर्व दृष्टींनी ज्यूच आहेत असे मान्य केले. नंतर ते त्याच देशात रमले. मराठी मात्र त्यांनी टाकली नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तेथे निघाले.

यावरून मला असे वाटते की, सोडणे म्हणजे सोसणे नव्हे. घर सोडता येते, गाव सोडता येतो, धंदा बदलता येतो. पण अन्यायावर पांघरूण घालून नवा आरंभ होत नाही. आणि अपराधी दारी आल्यावरही दार लावून बसलो, तरी तो होत नाही.

आपल्या मंडळाचा हा वर्धापनदिन. पदावरून, वर्गणीवरून, कधी नुसत्या एका शब्दावरून आपल्यात अबोले धरले जातात, हे आपण सर्व जाणतो. त्या अबोल्यात जी दुखावली आहे तिला यंदा कोणी ‘जाऊ दे’ म्हणू नये. जिच्या तोंडून शब्द गेला तिने उठावे, हवी तर दोघी-तिघींना सोबत घ्यावे आणि तिचे दार ठोठवावे. आतल्या बाईने मग कडी काढावी, एवढीच विनंती.