पाण्याची बाटली, सन १९४२

मलिहाबाद लखनौपासून साधारण २५ किलोमीटरवर, दशहरी आंब्याचे गाव. नोकरीनिमित्त लखनौला आल्यापासून दर जूनमध्ये तिथून एक पेटी पुण्याला पाठवण्याचा माझा परिपाठ आहे. गेल्या वर्षी अशाच एका बागेत राखणदाराच्या झोपडीपुढे थांबलो, तेव्हा खाटेच्या खुराला लटकलेली पाण्याची बाटली दिसली. एका बाजूने चपटी, बाकदार, निळ्या एनॅमलची, बुचाला दोरी. वरचे खाकी कापड केव्हाच गेलेले, पण बाटलीला धरून ठेवणारे जाड सुती पट्टे शाबूत. मी पट्टा उलटून पाहिला. आत रुंद बाणाची खूण, बाणाखाली इंग्रजी 'आय' हे अक्षर आणि साल १९४२.

दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांचे सामान मी वीस वर्षे जमवतो आहे. पुण्याच्या जुन्या बाजारापासून सुरुवात झाली, आता लखनौच्या नखासचा रविवारचा बाजार सहसा चुकवत नाही. बंदुका, संगिनी, पदके यांच्या मागे मी लागलो नाही. माझा जीव मेसटिन, पाठपिशव्या, कमरपट्टे आणि बाटल्यांत. शिपाई ज्यात जेवला, ज्यातून पाणी प्याला, ते.

या सामानाची भाषा शिकावी लागते. बोअर युद्धात चामड्याची साधने कुचकामी ठरली, म्हणून ब्रिटिश पायदळाने १९०८ साली जाड सुती विणीच्या पट्ट्यांचा संच स्वीकारला. १९३७ साली त्याचा नवा, सुटसुटीत नमुना आला. त्यातल्या छातीवरच्या दोन खिशांचे माप ब्रेन मशीनगनच्या मॅगझिनवरून ठरले होते. युद्ध पेटल्यावर हाच संच हिंदुस्थानातही तयार होऊ लागला. बाणाखालचे 'आय' हे अक्षर म्हणजे इथल्या सरकारी तपासणीचा शिक्का. इथली वीण विलायती मालापेक्षा बहुधा ओबडधोबड असते. हाताला सवय झाली की डोळे मिटूनही फरक कळतो.

मलिहाबादहून कानपूर फार लांब नाही. एल्गिन मिल १८६४ची, म्योर मिल १८७४ची, 'लाल इमली' या नावाने ओळखली जाणारी लोकरीची गिरणी १८७६ची. शिवाय लष्करी बूट आणि खोगिरे यांचे कारखाने. फौजेच्या अंगावर आणि पायांत जे जे असे, त्यातले बरेच या शहरातून जाई. युद्ध संपल्यावर उरलेले सामान सरकारने विकायला काढले आणि 'डिस्पोजलचा माल' हा शब्द घराघरांत गेला. खाकी घोंगड्या, तंबूचे कापड, बाटल्या, सगळे बाजारात आले आणि लोकांनी ते वापरून वापरून झिजवले. आपल्याकडे असे सामान कपाटात कमी आणि शेतावर जास्त सापडते, ते यामुळे.

संग्राहकांची हौस मात्र उलट. जो माल कधी वाटलाच गेला नाही, कोठारातून तसाच बाहेर आला, त्याला सर्वांत जास्त भाव. माझीही हौस तीच होती. पहिल्याच वर्षी जुन्या बाजारात मला एक हॅवरसॅक मिळाली. झाकणाच्या आत शाईने एक नंबर लिहिला होता, थोडा पुसट. पिशवी मळकट दिसत होती. मी ती रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेवली आणि सकाळी ब्रशने घासली. पिशवी छान निघाली. नंबर गेला. तो उतरवून ठेवावा, एवढेही मला सुचले नव्हते.

काय धुतले, हे कळायला काही वर्षे गेली. त्या युद्धात हिंदी फौजेत २५ लाखांच्या आसपास माणसे होती. सुमारे ८७ हजार मेली. आपल्या मुलखातल्या नाईक यशवंत घाडगे यांचे नाव राहिले. १० जुलै १९४४ रोजी ते इटलीत पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. साताऱ्याजवळच्या आपशिंग्याने इतकी माणसे फौजेत धाडली की गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागले. पण फौजेत गेलेल्यांपैकी कित्येकांना लिहिता येत नव्हते. पत्रे दुसऱ्याकडून लिहून घेतलेली, वर सेन्सॉरच्या नजरेखालून गेलेली. अशा माणसाने स्वतःची म्हणून केलेली खूण पुष्कळदा एवढीच असे: पिशवी दुसऱ्याच्या पिशवीत मिसळू नये म्हणून घातलेला नंबर.

मलिहाबादचेही फौजेशी जुने नाते आहे. इथल्या आफ्रिदी पठाणांपैकी फकीर मुहम्मद खान 'गोया' हे नवाबी फौजेत रिसालदार होते आणि शायरही. त्यांचे पणतू जोश मलिहाबादी. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला, हिंदुस्थानकडे मदत मागणाऱ्या इंग्रजांना त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीची पोरे म्हणून एका नज्ममधून जाब विचारला. सरकारने ती जप्त केली. पुढे युद्धकाळातच ते पुण्याच्या शालिमार पिक्चर्ससाठी गीते लिहीत होते. हे युद्ध आपले नव्हे, असे जोश सांगत होते आणि त्याच काळात याच देशातली लाखो माणसे पोटासाठी, शब्दासाठी, कधी घराण्याच्या रीतीसाठी भरती होत होती. दोन्ही खरे आहे. शायराची नज्म आज वाचता येते. शिपायाच्या बाजूने आपल्याकडे काय उरले, हा माझा प्रश्न आहे.

राखणदार चाचांना विचारले, घरात कोणी फौजेत होते का. म्हणाले, नाही. त्यांच्या आजोबांनी ती कानपूरच्या कबाड्याकडून आणली, तेव्हापासून ती बागेतच आहे. पट्ट्याच्या टोकाला, पितळी पट्टीजवळ, चार आकडे दिसत होते. पुढचे दोन झिजलेले. मी किंमत सांगितली, मग वाढवली. चाचा हसले. "पैसे तो ठीक हैं, भैया. पानी किसमें रखेंगे?"

मी स्टीलची नवी बाटली आणून देतो म्हणालो. म्हणताना माझे मलाच ओशाळे वाटले. ऐंशी वर्षे ज्या कामासाठी ती बनली तेच काम ती करत होती. माझ्याकडे येऊन ती काचेमागे बसली असती आणि मी बहुधा तिला पुन्हा पुसायला घेतले असते. मी आकडे उतरवून घेतले, पट्ट्याचा फोटो काढला आणि चाचांना एकच विनंती केली: पट्टा धुतलात तरी ते टोक घासू नका.

आता माझ्याकडे एक वही आहे. प्रत्येक वस्तूवरचा नंबर, आद्याक्षरे, साल, ती कुठे आणि कोणाच्या हातून मिळाली, हे तिच्यात लिहितो. न मिळालेल्या वस्तूही लिहितो. मलिहाबादची बाटली आहे. पहिली ओळ पुण्याच्या त्या हॅवरसॅकची. तिच्यापुढे नंबराची जागा कोरी आहे.