ठरावाने दिले, ठरावानेच काढून घेतले

20 मार्च आपण दरवर्षी पाळतो. महाडला जातो, क्रांतिस्तंभाला वंदन करतो, चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतो. पण 4 ऑगस्ट ही तारीख आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात आहे?

4 ऑगस्ट 1923 रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. 11 सप्टेंबरला सरकारने आदेश काढला, पण त्यात मेख होती. सरकारच्या स्वतःच्या जागांबाबत खातेप्रमुखांनी अंमल करायचा. नगरपालिका आणि लोकल बोर्डांना मात्र कलेक्टरांनी फक्त सल्ला द्यायचा. म्हणजे ज्यांनी पाणी अडवले होते, त्यांच्याच मर्जीवर ते सोडले.

जानेवारी 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. तळे कागदावर खुले झाले, घागर मात्र कोरडीच राहिली. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, ते याच मंजूर हक्काची बजावणी करायला. पुढे काय झाले? परतणाऱ्या आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. आणि 4 ऑगस्ट 1927 रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच दिवशी, नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव रद्द केला.

लाठ्यांचा इतिहास आपण सांगतो, या रद्द केलेल्या ठरावाचा सांगत नाही. लाठीने जे जमले नाही ते सभागृहात हात वर करून झाले. त्यानंतर सवर्ण कोर्टात गेले, डिसेंबरच्या सत्याग्रहाआधी मनाई हुकूम आणला. तळे खाजगी आहे, अस्पृश्यांना मज्जाव ही पुरातन रूढी आहे, हा त्यांचा दावा. तो फेटाळणारा मुंबई हायकोर्टाचा अंतिम निकाल आला 17 मार्च 1937 ला. पाण्याच्या एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

आता संविधानाचे कलम 15(2) उघडा. त्यात दुकाने, उपाहारगृहे आहेत, तशाच विहिरी, तलाव, स्नानघाटही आहेत. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात तलाव कुठून आला, असा प्रश्न पडला तर महाड आठवा. आणि त्याआधीचे कलम 13 वाचा : मूलभूत हक्क हिरावणारा कायदा राज्याला करता येणार नाही. ठरावाने दिलेला हक्क ठरावाने जातो, हे बाबासाहेबांनी भोगले होते.

कोणी म्हणेल, सरकारे बदलतात, धोरणे बदलणारच. बदलू द्या. पण आपला कोणता हक्क संविधानात पक्का आहे आणि कोणता नुसत्या शासन निर्णयावर लटकतो आहे, हे आपल्याला ठाऊक हवे. पदोन्नतीतल्या आरक्षणाचे उदाहरण घ्या. कलम 16(4क) राज्याला तशी तरतूद करण्याची मुभा देते, सक्ती करत नाही. म्हणूनच 7 मे 2021 च्या एका शासन निर्णयाने महाराष्ट्रात पदोन्नतीतल्या राखीव 33 टक्के जागा सेवाज्येष्ठतेने भरायचे ठरले. ना लाठी, ना गोमूत्र. एक कागद पुरला.

वस्तीत काम करताना आम्ही हेच पाहतो. शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन गेलेल्या पोराला खिडकीवरून सांगतात, ‘नियम बदलला.’ पोरगा मान खाली घालून परत येतो. कोणता नियम, कधी बदलला, कोणाच्या सहीने, हे तो विचारत नाही, कारण विचारायचे असते हे आपण त्याला शिकवलेले नसते.

म्हणून मित्रांनो, 20 मार्चला महाडला जरूर जाऊ. आणि 4 ऑगस्टला आपापल्या वस्तीत बसू, वर्षभरातले आपल्याशी संबंधित शासन निर्णय वाचू, काय मिळाले आणि काय गेले याची यादी करू. पाणी पिण्याइतकेच ते राखणेही आपलेच काम आहे.

जय भीम!