घाटाच्या ठेक्यापासून जेट स्कीपर्यंत

नागपूर–भंडारा रस्ता मौद्याजवळ कन्हान ओलांडतो. पुढे कुही तालुक्यात, आंभोऱ्याला, कन्हान वैनगंगेला मिळते. आम, मुरझा आणि कोलारी धरून तिथे पाच नद्यांचा संगम मानतात. या पाण्यावर नाव कोणी चालवायची, हा वाद वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाहून पुष्कळ जुना आहे.

इंग्रजी अमलात हा मुलूख ज्यात होता, त्या मध्य प्रांताला १८७८ चा उत्तर भारत फेरी कायदा लागू होता. सरकारी घाट ठरले, उताऱ्याचे दर पाटीवर लावणे भाग पडले आणि वसुलीचा हक्क लिलावात जाऊ लागला. अशा घाटाच्या दोन मैलांच्या आत परवानगीवाचून दुसऱ्याला फेरी चालवता येत नसे. नावेत माणसे-जनावरे किती घ्यायची, याचे नियम करण्याची सोयही त्यात होती; पण कायद्याचा खरा जीव ठेक्यातच. पिढ्यान्‌पिढ्या डोंगा हाकणारा ढिवर त्यामुळे आपल्याच नदीवर ठेकेदाराच्या मर्जीवर आला.

गोसीखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. धरणात पाणी अडले तशी शेते-गावे बुडाली आणि नदीचा जलाशय झाला. आंभोऱ्याला पूर्वी डोंग्याने पैलतीर गाठावा लागे. तिथे २०२४ मध्ये मोठा पूल खुला झाला. त्याच सुमारास जलाशयात शंभर कोटींच्या घरातला जलपर्यटन प्रकल्प आखला गेला.

जलपर्यटनाबरोबर येणारी जेट स्की ही तशी अलीकडची चीज. कावासाकीने ती १९७३ मध्ये बाजारात आणली. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनातून बरेचसे पेट्रोल न जळताच पाण्यात उतरे, म्हणून अमेरिकेतल्या टाहो सरोवरावर १९९९ मध्ये कार्ब्युरेटरच्या अशा इंजिनांना बंदी आली. भारतात १९१७ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याची जागा २०२१ च्या कायद्याने घेतली. यंत्रावर चालणाऱ्या नौकेला तपासणी, नोंदणी आणि विमा लागतो. बिनइंजिनाच्या नावाही आता कायद्याच्या कक्षेत आल्या. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने जलक्रीडा चालवणाऱ्यांनाही नोंदणी सक्तीची केली.

कागद आणि काठ यांतले अंतर मात्र मोठे. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात सहलीला आलेल्या तरुणांची नाव उलटली आणि आठ जण बुडाले. ती जेट स्की नव्हती, मासेमारीची साधी नाव होती. लाइफ जॅकेट आणि माणसांची मोजदाद, एवढ्या दोन गोष्टी काठावर पाळल्या गेल्या तरी बरेच जीव वाचतील.

प्रदूषणाचा मुद्दाही एकट्या जेट स्कीच्या माथी मारता येत नाही. नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि तेच पाणी गोसीखुर्दला जाते. इंजिनांवर निर्बंध हवेतच, पण नाग नदीचे शुद्धीकरण त्याआधी व्हायला हवे.