खारजमिनीतले पायताण : मोरा-उरणच्या श्रमिकांची पादत्राणे

मुंबई बंदराच्या आग्नेय कडेला, घारापुरी बेटाच्या दक्षिणेस आणि उरण गावाच्या उत्तरेस असलेले मोरा बंदर आज भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या लाँचच्या फेऱ्यांसाठी ओळखले जात असले, तरी एकोणिसाव्या शतकात त्याची ओळख मीठ आणि मद्य या दोन मालांनी घडवलेली होती. १७८२ च्या सालबाईच्या तहानुसार कारंजा, म्हणजेच उरणचे बेट, इंग्रजांकडे राहिले. पुढे ते पनवेल तालुक्यात मोडू लागले आणि १८८३ मध्ये हा तालुका ठाणे जिल्ह्यातून कुलाबा जिल्ह्यात आला. उरणच्या मिठागरांतले मीठ आणि मोऱ्याच्या भट्ट्यांत मोहाच्या फुलांपासून गाळलेली दारू गलबतांतून मुंबईला जात असे. या मालाच्या जकातीची आणि परवान्यांची नोंद सरकारी दप्तरांनी काटेकोरपणे ठेवली. हा सारा व्यापार ज्यांच्या पायांवर उभा होता, त्यांच्या पायांत काय होते, हा प्रश्न मात्र दप्तरांच्या कक्षेबाहेरच राहिला. श्रमाचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर तो महत्त्वाचा आहे, कारण कामाची जमीन, कामाची मजुरी आणि काम करणाऱ्याची प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी पायताणात एकत्र येतात.

मिठागरातले काम अनवाणीच होत असे आणि त्यामागे केवळ दारिद्र्य नव्हते. भरतीचे पाणी उघाडीतून, म्हणजे बांधात बसवलेल्या दारातून, आत घेऊन ते एकातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत घट्ट होऊ द्यायचे आणि शेवटच्या उथळ वाफ्यांत मिठाचे खडे धरू द्यायचे, अशी ही पद्धत होती. या शेवटच्या वाफ्यांची तळजमीन जितकी घट्ट आणि गुळगुळीत, तितके मीठ स्वच्छ निघते, म्हणून पावसाळा सरल्यावर आगरी स्त्री-पुरुष ती चिकणमाती पायांनी तुडवून, दाबून, पुन्हा तुडवून पक्की करीत. टाच किती रुतते, माती अंगठ्याला चिकटते की सुटते, यावरून वाफा तयार झाला की नाही हे कळत असे. अशा जमिनीवर पायताण घालून चालले तर तिला खड्डे पडतील आणि मिठात माती मिसळेल, हे उघड होते. अनवाणी पाऊल हे त्या कामातले एक अवजारच होते, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे.

त्या अवजाराची झीज मात्र माणसाच्या अंगावर होत होती. तीव्र खारे पाणी त्वचेतला ओलावा ओढून घेते, टाचांना खोल भेगा पडतात, आणि त्या भेगांत मिठाचे कण गेले की साधी जखमही लवकर भरून येत नाही. कोकणात यावर कोकमाच्या बियांपासून काढलेल्या तेलाचा उपाय घरोघर होता. थंड झाल्यावर घट्ट बसणारा हा पांढरट गोळा रात्री दिव्यावर किंवा चुलीजवळ धरून पातळ करायचा आणि भेगेत गरम गरम भरायचा, म्हणजे तो आत थिजून भेग बुजवतो. किनाऱ्यावरच्या कोळी समाजाचे दुखणे वेगळ्या तऱ्हेचे होते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर कालवे काढायला जाणाऱ्या स्त्रियांच्या तळव्यांना शिंपल्यांची धार लागे, आणि मोऱ्याच्या आसपास साचणाऱ्या गाळात पाऊल घोट्यापर्यंत, कधी पोटरीपर्यंत जाई. या गाळामुळे मोठ्या ओहोटीच्या वेळी लाँच धक्क्याला लावणे आजही अवघड होते. अशा चिखलात सैल पायताण पायातून सुटून तिथेच अडकून राहते, त्यामुळे ते घरी ठेवणेच शहाणपणाचे ठरत होते.

याचा अर्थ या लोकांना पायताण ठाऊक नव्हते असा नाही. गावगाड्यात चर्मकार हा बलुतेदार होता. वहाणांचा जोड करून देणे आणि वर्षभर त्याची दुरुस्ती करणे याबद्दल त्याला पिकातला ठरावीक हिस्सा मिळे. वहाणेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या काढ्यात कमावले जाई. अशा कातड्याची वहाण कोरड्या वाटेवर वर्षानुवर्षे टिकते, सुरुवातीला कडक लागली तरी घालणाऱ्याच्या पावलाचा आकार घेते, आणि तळ झिजला तर त्याखाली नवा थर शिवता येतो. खाऱ्या पाण्याशी मात्र तिचे जमत नाही. ओलावा आणि मीठ वारंवार लागले की कातडे आधी फुगते, मग वाळून ताठर होते आणि शेवटी शिवणीपाशी तडकते. त्यामुळे वहाण बाजाराला, लग्नाला, पाहुण्यांकडे जाताना आणि काम अनवाणी, अशी विभागणी किनाऱ्यावर रुळली. या व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे: ज्या चर्मकार आणि ढोर समाजांच्या कौशल्यावर गावाचे पाय चालत, त्यांनाच गावाने अस्पृश्य ठरवले. या कलेची कितीही स्तुती केली तरी तो अन्याय झाकला जात नाही.

बंद, जड, टाचेला नाल ठोकलेला बूट या प्रदेशात आला तो गणवेशाबरोबर. सैनिक आणि पोलीस यांच्यासाठी लागणाऱ्या बुटांची मागणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इतकी वाढली की कानपूरप्रमाणेच मुंबईतही त्यांचे मोठे उत्पादन सुरू झाले. धारावीतला चामड्याचा कारखाना चालवणारे सर आदमजी पीरभॉय हे त्या काळातले एक मोठे पुरवठादार होते. या बुटाचा कणा म्हणजे शिवण: वरचे चामडे आणि तळ यांच्यामध्ये चामड्याची एक पट्टी फिरवून दोन्ही तिला स्वतंत्रपणे शिवले, म्हणजे तळ झिजल्यावर वरच्या भागाला धक्का न लावता तो बदलता येतो. ही शिवण यंत्रावर घालण्याची पद्धत चार्ल्स गुडइयर धाकटे यांच्या नावाने ओळखली जाते, तर त्यांच्या वडिलांनी, थोरल्या चार्ल्स गुडइयर यांनी, गंधकाच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट १८४४ मध्ये घेतले होते. एकाच घराण्याच्या दोन शोधांतून श्रमिकाच्या बुटाच्या दोन शाखा निघाल्या: दुरुस्त होणारा चामडी बूट आणि पाणी न शिरणारा रबरी बूट.

मोऱ्यासारख्या जागेला खरे तर दुसरी शाखा अधिक उपयोगाची होती. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलासाठी रबरी बुटांचे प्रचंड उत्पादन झाले आणि त्यानंतर ते जगभर शेती-मासेमारीत पसरले. भारतात १९२० मध्ये स्थापन झालेल्या बेंगॉल वॉटरप्रूफ या कंपनीचे ‘डकबॅक’ हे नाव रेनकोट आणि गमबूट यांच्याशी कायमचे जोडले गेले. पण गमबूट पैसे मोजून घ्यावा लागे, आणि ज्याला वर्षातले काही महिनेच रोख मजुरी मिळत होती त्याच्या दृष्टीने ती चैन होती. मोटारी वाढल्यावर जुन्या टायरचे तुकडे कापून केलेली चप्पल आली आणि गरिबाच्या पायांना प्रथमच असे काही मिळाले की जे खाऱ्या पाण्याने कुजत नव्हते. तिच्यात ना आधार होता ना बोटांना संरक्षण, तरी ओळखीच्या मोच्याकडे ती थोडक्या पैशांत होत असे आणि पट्टा तुटला तर पुन्हा जोडून मिळत असे. लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग साचलेल्या पाण्यातून पायाच्या जखमांवाटे शरीरात जातो, हे कळल्यानंतर भातशेतीत गमबुटाचा आग्रह आरोग्य खात्याकडून धरला जाऊ लागला. तोवर कित्येक पिढ्यांची भातलावणी उघड्या पायांनीच झाली होती.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत ही जमीनच बदलली. मुंबई हायच्या तेलामुळे उरणला तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा प्रकल्प आला, बोकडविऱ्याला वायूवर चालणारे वीज केंद्र उभे राहिले, आणि न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. या बंदरासाठी आणि नव्या मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्याकरिता दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. मिठागरे आणि खाजणे भरावाखाली गेली, आणि जे पाय चिकणमाती तुडवण्यात तरबेज होते ते काँक्रीटच्या तापलेल्या यार्डात, कंटेनरच्या पोलादी कोपऱ्यांच्या आणि तेलकट जमिनीच्या सान्निध्यात आले. इथे अनवाणी पाऊल अवजार राहिले नाही. कंटेनर बांधून ठेवणारी लोखंडी कांब हातातून निसटली तर बोटे ठेचण्याचे काम ती क्षणात करते.

या नव्या जमिनीसाठी जो बूट लागतो त्याला कामगारांच्या बोलीत सरळ ‘सेफ्टी शूज’ म्हणतात. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १५२९८ या मानकात त्याचे प्रकार ठरवलेले आहेत: दुसऱ्या भागातल्या बुटाच्या पुढच्या टोपीने २०० ज्यूलचा आघात, म्हणजे सुमारे वीस किलोची वस्तू एक मीटर उंचीवरून पडल्याइतका मार, सोसला पाहिजे, तिसऱ्या भागात हीच अपेक्षा १०० ज्यूलची आहे, आणि चौथ्या भागातल्या बुटाला अशी टोपीच नसते. दुकानात तिन्ही प्रकार बाहेरून सारखे दिसू शकतात, म्हणून बुटावरची मानकाची खूण आणि तिच्यासोबतचा परवाना क्रमांक वाचणे आवश्यक ठरते. तो क्रमांक खरा आहे की नाही हे ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर पाहता येते.

बूट कोणाच्या पैशाने यावा, हे कायद्याने संदिग्ध ठेवलेले नाही. १९४८ चा कारखाने अधिनियम आणि १९८६ चा गोदी कामगारांच्या सुरक्षेचा अधिनियम यांनी सुरक्षेची जबाबदारी मालकावर टाकली. सुरक्षेसाठी पुरवलेल्या कोणत्याही गोष्टीचे पैसे कामगाराकडून घेऊ नयेत, असे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत स्पष्ट लिहिले आहे. महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार मंडळाच्या सुरक्षा संचातही बुटांचा समावेश असतो. तरीही ठेकेदाराच्या हाताखाली काही दिवसांपुरता कामाला लागलेला माणूस पुष्कळदा स्वतःच्या खिशातून जोड घेतो, कारण बुटाशिवाय फाटकातून आत सोडत नाहीत आणि ठेकेदाराकडून जोड मिळेपर्यंत थांबणे त्याला परवडत नाही. त्यामुळे स्वस्तात चांगला बूट निवडण्याचा प्रश्न आज खऱ्या अर्थाने त्याचा झाला आहे.

या निवडीत पहिला अडथळा फर्म्याचा, म्हणजे ज्या साच्यावर बूट चढवून घडवतात त्याचा, आहे. लहानपणापासून अनवाणी चाललेले पाऊल बोटांकडे पसरट असते, तर गणवेशी बुटांचे फर्मे निमुळत्या पावलांवर बेतलेले होते. पोलादी टोपी चामड्यासारखी सैल होत नाही. दुकानात करंगळीला लागणारी टोपी वर्षभर करंगळीलाच लागत राहते. रुंदीसाठी एक अंक मोठा जोड घेण्याची सवय सर्वत्र आढळते, पण त्याने टाच आत सरकते, फोड येतात आणि शिडीवर पाऊल घसरते. रुंद फर्म्याचा बूट शोधणे, दिवसभराच्या कामाने पाऊल सुजलेले असताना संध्याकाळी, कामावर घालायचे मोजे चढवूनच तो पायात घालून पाहणे, आणि उतारावर उभे राहिल्यावर बोटे टोपीला टेकत नाहीत याची खात्री करणे, हाच त्यावर चालणारा उपाय आहे.

दुसरा अडथळा हवेचा. हलक्या सेफ्टी शूजचा तळ बहुधा पॉलियुरेथेनचा असतो, आणि हा पदार्थ दमट हवेत आपोआप विघटित होत जातो. बूट न वापरता खोक्यात राहिला तरी काही वर्षांनी त्याचा तळ भुगा होऊन गळतो. कोकणातल्या पावसाळ्यात ही क्रिया वेगाने होते, म्हणून सवलतीत मिळणारा जुन्या साठ्यातला जोड इथे फसवा ठरतो आणि तळाजवळ छापलेला उत्पादनाचा महिना-वर्ष पाहणे किमतीइतकेच महत्त्वाचे ठरते. पीव्हीसीचा तळ स्वस्त असून ओल सोसतो, पण जड असतो आणि तेलकट फरशीवर घसरण्याचा धोका त्यात अधिक. नायट्राइल रबर तेल आणि उष्णता दोन्ही सोसते, म्हणून यार्डातल्या कामाला ते सर्वांत योग्य असले तरी त्याची किंमत चढी असते. मुंबईत कामाठीपुऱ्याच्या डेढ गल्लीत शुक्रवारी पहाटे भरणाऱ्या जुन्या बुटांच्या बाजारातून स्वस्त जोड मिळतात खरे. मात्र एकदा मार खाल्लेली टोपी आतून वाकलेली असू शकते आणि ते बाहेरून दिसत नाही, त्यामुळे संरक्षणाच्या बुटापुरता तो मार्ग टाळलेलाच बरा.

तिसरा अडथळा पैशाचा. समजा, ६०० रुपयांचा जोड चार महिने टिकला आणि १५०० रुपयांचा पंधरा महिने, तर पहिल्याचा महिन्याचा खर्च १५० रुपये आणि दुसऱ्याचा १०० रुपये पडतो. अडचण इतकीच की आठवड्याच्या मजुरीतून १५०० रुपये एकदम बाजूला काढणे रोजंदारीवरच्या माणसाला जमत नाही. जोडाचे आयुष्य वाढवण्याचे उपाय त्यामानाने फुकट आहेत: कामावरून आल्यावर गोड्या पाण्याने मीठ धुणे, उन्हात न ठेवता सावलीत वर्तमानपत्र कोंबून वाळवणे, चामड्याला अधूनमधून तेल लावणे. दुरुस्तीची वाट मात्र अरुंद झाली आहे. साच्यात ओतून वरच्या भागाला चिकटवलेला तळ निघाला की उरणच्या बाजारात बसणारा मोची आरी आणि मेण लावलेल्या दोऱ्याने त्याला कडेने टाके घालून देतो. त्याने तळ काही काळ धरून राहतो, पण टाक्यांच्या भोकांतून पाणी आत येते. शिवलेल्या तळाचे, बदलता येणारे सेफ्टी शूज बाजारात आहेत, पण ते मोऱ्याच्या लाँचने ये-जा करणाऱ्या ठेका कामगाराच्या किमतीत अजून आलेले नाहीत.