बिअर : पिंपात भरताना ऑक्सिजनपासून बचाव

घरी आंबवलेली बिअर पिंपात भरताना तिला हवा लागू न देण्याची पद्धत. किण्वन संपल्यावर शिरलेला ऑक्सिजन हॉप्सचा सुगंध मारतो. पुढे बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. न्यू इंग्लंड धर्तीची गढूळ, सोनेरी ‘आयपीए’ (इंडिया पेल एल) बिअर तर लवकरच मातकट दिसू लागते. कार्बन डायऑक्साइड जड, म्हणून तो बिअरवर पांघरुणासारखा बसून राहतो, हा समज भाबडा आहे. वायू एकमेकांत मिसळतातच. त्यामुळे सुमारे १९ लिटरचे, मूळचे शीतपेयाच्या पाकासाठीचे ‘कॉर्नी’ पिंप जंतुनाशक द्रावणाने काठोकाठ भरतात आणि ते द्रावण कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने बाहेर ढकलतात. मग झाकण न उघडता, तळापर्यंत पोचणाऱ्या नळीतून बिअर आत सोडतात; वरचा वायू झडपेतून फुसफुसत निघून जातो.